विश्लेषण : गॅलरीबाहेर मधमाश्यांचा थवा लटकला तर काय करावे?
कड्यांवर मोहोळ बांधणाऱ्या आग्या माश्यांना उंच इमारतींचे सज्जेही चालतात. मीरा-भाईंदरला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि खारफुटी असल्याने त्यांना फुलेही मिळतात.

पोळे नसलेला, नुसताच लटकलेला थवा बहुधा मुक्कामापुरता थांबलेला असतो. राखायला मध किंवा पिल्ले नसल्याने तो सहसा शांत राहतो आणि काही तासांत वा दिवसांत उडून जातो. तोवर खिडक्या बंद ठेवाव्यात, रात्री गॅलरीतला दिवा मालवावा.

पोळे बांधले असेल तर धूर, फवारणी, दगड टाळावेत. एका डंखाच्या वासाने इतर माश्या चवताळतात आणि खालून जाणारेही सापडतात. पोळे प्रशिक्षित व्यक्तीकडूनच हलवून घ्यावे. डंख झाल्यास काटा लगेच काढावा. धाप लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.