निहाली बोलणाऱ्याला हसू नका

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका आहे. तिथल्या सोनबर्डी, कुंवरदेव, चालठाणा या गावांतला निहाल समाज घरात निहाली बोलतो. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. ही भाषा मराठीच्या कुळातली नाही आणि शेजारच्या कोरकूच्याही नाही. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. असा ठेवा आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही.

निहाली कधी एकलकोंडी नव्हती. निहालांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतात राबून त्यांचे कितीतरी शब्द उचलले. दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी वळणाचे, तर पाचापासून पुढची मोजणी हिंदी-मराठीच्या वळणाची. तरीही डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली हिशेब मांडला, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा शब्दांचं मूळ कुठेच लागेना. मराठीनेही कानडीतून, फारसीतून शब्द घेतलेच की! उसनवारीने भाषा मरत नाही. ती बोलायची लाज वाटू लागली आणि आईबापांनी पोरांशी बोलणं सोडलं, की ती मरते. ही लाज आपण, आजूबाजूचा समाज, त्यांना देतो. म्हणून सांगणंही आपल्या सगळ्यांनाच आहे.

आईबापांनो, पोरांना मराठी जरूर शिकवा, पण घरात निहालीच बोला. तुमच्याकडे माणसं निहाली, कोरकू, मराठी, हिंदी सहज बोलतात. पोरांनाही ते जड जाणार नाही.

गुरुजी, बाई, पहिलीतल्या पोराला चित्र दाखवाल तेव्हा आधी विचारा, ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ तो सांगेल तो शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहा. पोराची जीभ तिथेच मोकळी होते.

बाजारात, एसटीत, कचेरीत कुणी निहाली बोललं तर नक्कल करू नका.

शिकलेल्या निहाल तरुणांनो, मोबाइल हातात आहे. म्हाताऱ्यांना विचारून त्यांची गाणी, गोष्टी, झाडापाल्याची नावं रेकॉर्ड करून ठेवा.

जनगणनेत मातृभाषा विचारतील तेव्हा ‘निहाली’ असंच सांगा. दहा हजारांपेक्षा कमी बोलणाऱ्यांच्या भाषांचे आकडे सरकार वेगळे छापत नाही, म्हणून तर नोंद पक्की हवी. मोजणीला जाणाऱ्यांनीही परस्पर ‘कोरकू’ किंवा ‘मराठी’ लिहून मोकळं होऊ नये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. मोठ्या भाषेचा मान तिच्या सावलीतल्या लहान भाषा जगण्यात असतो. निहाली टिकवायची ती निहालांनीच. तिला हिणवायचं नाही, एवढं तरी आपण आजपासून पाळू या.