शेततळ्याचा कागद: जाडीआधी जमीन पाहा

द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलात होते आणि विहिरी तळाला जातात त्याही त्याच सुमारास. पुढच्या हंगामाचा माल ज्या काडीवर धरायचा, ती काडी नेमकी तेव्हा पाणी मागते. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदाराला शेततळे ही चैन वाटत नाही. वाद असतो तो कागदाचा. तीनशे मायक्रॉन घ्यावा की पाचशे?

आमच्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: कागद हवाच का? सोयाबीनला पावसाच्या खंडात एक-दोन संरक्षित पाणी द्यायचे असेल आणि जमीन भारी, चिकण असेल, तर बिनकागदाचे तळेही भागवून नेते. त्यातून जे पाझरते ते वाया जात नाही, आसपासच्या विहिरींना लागते. मुरमाड जमिनीत मात्र हे चालत नाही. तिथे पाऊस सरताच तळे आटू लागते. डाळिंब किंवा द्राक्षासाठी पाणी मेपर्यंत टिकवायचे तर अस्तराला पर्याय नाही.

आता जाडी. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे पाचशेचा कागदही अर्धाच मिलिमीटर. पातळ, साधा कागद स्वस्त असतो, हलका असतो, कोपऱ्यात नीट बसतो. दोन-तीन हंगाम भाजीपाला करून बघू म्हणणाऱ्याने तो घेतला तर त्याला चूक म्हणता येणार नाही. पण फळबाग ही अनेक वर्षांची बांधिलकी आहे. तिच्यासाठी आतून विणीचे बळ असलेला ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागदच घ्यावा असे आम्हाला वाटते, कारण कुत्र्याच्या नखाने पडलेली चीर त्यात पुढे फाटत जात नाही. त्याच्याही मर्यादा आहेत. तो ताणला जात नाही, त्यामुळे खड्ड्यावर अधांतरी राहिला तर पाण्याचा सगळा भार सांध्यावर येतो. आयएस १५३५१ हा मानक क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. अखंड एचडीपीई फिल्म असेल तर चौरस मीटरभर तुकडा काट्यावर ठेवावा. ५०० मायक्रॉनला तो साधारण ४७० ग्रॅम भरायला हवा. तीनशे-साडेतीनशे भरला, तर दर कितीही गोड असो, माल परत करावा.

आणि तरीही जाडीवर जेवढे बोलले जाते तेवढे तिच्या हातात नसते. अणकुचीदार खडा पाचशेलाही भोक पाडतो. उतार चोपून घेणे, मुळ्या-धोंडे वेचणे, चाळलेल्या मातीचा थर देणे, काठावर चर खणून कागदाची कड त्यात पक्की गाडणे या कामांना दोन दिवस जास्त लागले तरी लागू द्यावेत. सांधे यंत्राने, गरम करून जोडलेले असावेत. कागद अंथरल्यावर तळे कोरडे ठेवू नये. वारा तो उचलतो आणि ऊन त्याचे आयुष्य खाते, म्हणून तळाशी थोडे तरी पाणी राहू द्यावे. हमीपत्रही वाचून घ्यावे, कारण ते सहसा मालाचे असते, अंथरण्याचे नसते.

एक गोष्ट मात्र कोणताही कागद करू शकत नाही. तो पाझर थांबवतो, बाष्पीभवन नाही. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार एकास एक धरला तर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. कडक उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडाले तरी रोज सात हजार लिटर गेले. पावसाचे किंवा कालव्याचे जास्तीचे पाणी साठवले असेल तर हा तोटा सोसता येतो. पण बोअर उपसून तळे भरायचे, म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेले पाणी उन्हात आणून ठेवायचे. शेजाऱ्याची विहीरही त्याच पाण्यावर जगत असते. अशा तळ्याच्या अस्तराला सरकारी अनुदान देताना पाणी कुठून येणार हे विचारले गेलेच पाहिजे.

त्याच अनुदानात कुंपण आणि दोरही बंधनकारक असावेत. ओला कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्या माणसालाही उतार चढून बाहेर येता येत नाही, आणि शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडायला कागदाच्या खर्चाच्या मानाने काहीच लागत नाही. दोर बांधल्याशिवाय तळ्यात पाणी सोडू नये.