पुन्हा समितीवर यायचंय? आधी हिशोब द्या

शहाडला पहाटेची लोकल पकडणाऱ्या बापाला आणि घरी शिलाईचं काम करणाऱ्या आईला शाळेतली सकाळी अकराची सभा परवडत नाही. मग मोजके पालक जमतात, जुनीच नावं पुन्हा लिहिली जातात आणि त्याला ‘बिनविरोध निवड’ म्हटलं जातं.

महापालिकांची शिक्षण मंडळं रद्द करण्याचा कायदा राज्याने 2013 मध्ये केला. सरकारी शाळेत पालकांच्या हाती उरली ती शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. आपल्या राज्यात दर दोन वर्षांनी ती नव्याने निवडायची असते.

पुन्हा उभं राहण्यात गैर काही नाही; अनुभवी सदस्य हवेतच. पण त्यांनी आधी पालकांसमोर सांगावं: किती बैठकांना आलात? पैसा कशावर खर्च झाला? शाळा सुटलेल्या किती मुलांच्या घरी गेलात?

आपल्या मोहल्ल्यातल्या आयांचं नाव यादीत घालून घरपोच सही घेणं म्हणजे सहभाग नव्हे. निम्म्या जागा कायद्याने दिल्या आहेत. त्या जागेवर बसून त्यांना बोलता यावं, हे आपण पाहायचं. सभा रविवारी घ्या, अशी लेखी मागणी मुख्याध्यापकांकडे करा. आणि त्या दिवशी घरातल्या बाईसोबत स्वतःही जा.