धीर कोणाच्या पदरचा?

खेळाडूने मैदानात जिंकण्यासाठी उतरावे, हा नियम कुठल्याही नियमपुस्तकात छापलेला नसतो. तो गृहीत धरलेला असतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या बास्केटबॉल संघाने २०१३ ते २०१६ या काळात हे गृहीतच बाजूला ठेवले. आज हरणे हीच उद्याच्या विजयाची पूर्वतयारी, असे त्या संघाचे सूत्रधार सॅम हिंकी यांनी ठरविले आणि विलक्षण निर्धाराने ते अमलात आणले. या प्रयोगावर तिकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कुणी हिंकींना द्रष्टा म्हणतात, कुणी खेळाचा मारेकरी. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. त्यांचे गणित चुकले, असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे; पण त्याआधी ते गणित समजावून घेतले पाहिजे.

एन. बी. ए. ही तिकडची व्यावसायिक बास्केटबॉल संघटना. तीत तीस संघ आहेत. आपल्याकडे आय. पी. एल. मध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. तिथे नव्या खेळाडूंसाठी ‘ड्राफ्ट’ होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. दोन फेऱ्यांत मिळून जवळजवळ साठ जणांची वर्णी लागते. २०१५ साली पंजाबातील सतनामसिंग भामरा बावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा भारतात जन्मलेल्या खेळाडूचे नाव या यादीत प्रथमच आले. या पद्धतीचे मर्म असे, की जो संघ दुबळा त्याची पाळी आधी. बलवानांनी अधिक बलवान होत जाऊ नये, म्हणून केलेली ही सोय. पंगतीत उपाशी माणसाला आधी वाढावे, तसे हे आहे.

पण आधी वाढतात म्हटल्यावर उपाशी असल्याचे सोंग घेणारेही निघतातच. संघ मुद्दाम हरतात, असा संशय बळावल्यामुळे १९८५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढण्याची प्रथा सुरू झाली. तरीही तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्तच राहिली. हिंकी आले तेव्हा ती शेकडा २५ होती.

हिंकी यांनी व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण स्टॅनफर्डला घेतले होते आणि आकडेशास्त्रावर भिस्त ठेवणाऱ्या ह्यूस्टनच्या संघात उमेदवारी केली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे मांडता येईल: बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच जण खेळतात, म्हणून एक असामान्य खेळाडू सारा डाव फिरवू शकतो. असा खेळाडू बहुधा ड्राफ्टच्या अग्रभागी सापडतो. जो संघ धड वरही नाही आणि धड खालीही नाही, त्याला ना अजिंक्यपद मिळते ना असा खेळाडू. तेव्हा मध्ये रेंगाळण्यापेक्षा तळ गाठावा.

त्यांनी आल्याआल्या, जून २०१३ मध्ये, संघाचा सर्वांत चांगला खेळाडू ज्रू हॉलिडे न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकला. बदल्यात पुढच्या वर्षीची एक निवड आणि गुडघा दुखावलेला नर्लेन्स नोएल घेतला. तो त्या हंगामात एकही सामना खेळला नाही. त्याच वर्षी निवडलेला मायकेल कार्टर-विल्यम्स नवोदितांत सर्वश्रेष्ठ ठरला, पण २०१५ च्या फेब्रुवारीत त्यालाही भविष्यातील एका निवडीसाठी सोडून दिले. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोएल एम्बीड आला. पायाच्या दुखापतीने तो पहिले दोन्ही हंगाम बसून होता. दरम्यान संघाचा हिशेब असा झाला: पहिल्या हंगामात १९ विजय, दुसऱ्यात १८ आणि तिसऱ्यात १०. एकूण २४६ सामन्यांत १९९ पराभव! २०१४ च्या आरंभी तर ओळीने २६ सामने गेले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. मैदानावरचे खेळाडू हरण्यासाठी खेळत नव्हते. ते आणि त्यांचे प्रशिक्षक ब्रेट ब्राउन जीव तोडून झगडत होते. हरण्याची तजवीज आधीच मैदानाबाहेर, कागदावर होऊन गेलेली असे. मला जे खुपते ते नेमके हेच. धीर धरणे हा मोठा गुण खरा, पण तो स्वतःच्या पदरचा असावा लागतो. इथे धीर धरण्याचा निर्णय एकाने घेतला आणि त्याची किंमत मोजली दुसऱ्यांनीच: रोज रात्री हरणाऱ्या खेळाडूंनी आणि तिकीट काढून ते पाहणाऱ्या प्रेक्षकांनी. हिंकींच्या वहीत पुढे येणाऱ्यांची नावे होती. आज असलेल्यांच्या रकान्यात शून्य होते.

यावर कुणी म्हणेल, की फळ मिळाले असेल तर किंमत कशाला मोजायची? तर फळाचाही विचार करू. एप्रिल २०१६ मध्ये हिंकींनी राजीनामा दिला. तेरा पानांचे त्यांचे पत्र लिंकनपासून वॉरन बफेटपर्यंत अनेकांचे दाखले देते. पुढे एम्बीड खरोखरच महान खेळाडू झाला आणि २०२२-२३ च्या हंगामात सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ ही प्रेक्षकांची घोषणाच झाली. म्हणजे अंदाज अगदीच खोटा नव्हता. पण २०२५ पर्यंत हा संघ बाद सामन्यांच्या दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही गेला नाही. २०१९ मध्ये टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्यात कवाई लेनर्डचा अखेरचा फेक रिंगवर चार वेळा उसळून आत पडला आणि सारे संपले. ज्या ड्राफ्टमध्ये एम्बीड तिसरा होता, त्यातच एक्केचाळिसाव्या क्रमांकावर डेन्व्हरला निकोला योकिच मिळाला. त्याने तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला आणि २०२३ मध्ये संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. त्यासाठी डेन्व्हरला तळ गाठावा लागला नव्हता. दैवाला वेठीस धरता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

शिवाय संघ म्हणजे मौल्यवान वस्तूंचा संग्रह नव्हे. हिंकींनी २०१३, २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ तीन वर्षे नोएल, एम्बीड आणि जहलील ओकाफोर हे तीन उंच खेळाडू आणले. तिघांची जागा मैदानावर एकच, बास्केटखालची! उलट ज्यांना ड्राफ्टमध्ये कुणीच विचारले नव्हते, असे रॉबर्ट कव्हिंग्टन आणि टी. जे. मॅक्कॉनेल याच हरणाऱ्या संघात रोज खेळून घडले. त्यांना हेरण्याचे श्रेय हिंकींचेच, आणि ते त्यांना दिले पाहिजे. दहा विजयांच्या त्या हंगामात धडपडणारा मॅक्कॉनेल २०२५ मध्ये इंडियानाकडून अंतिम मालिका खेळला, हे मला या साऱ्या कथेतील सर्वांत बोलके वाटते. ज्यांची गणतीच नव्हती, त्यांच्यातही भविष्य दडलेले होते.

त्या अंतिम मालिकेत इंडियानाला चार विरुद्ध तीन असे हरविणारा ओक्लाहोमाचा संघ सॅम प्रेस्टी यांनी बांधलेला. त्यांनीही २०१९ मध्ये पॉल जॉर्जसारखा मोहरा सोडून पहिल्या फेरीतील पाच निवडी घेतल्या; पण त्याच सौद्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण खेळाडूही मागून घेतला आणि लगेच त्याच्याभोवती संघ उभारायला घेतला. मधली दोन वर्षे त्यांचाही संघ तळाशी होता. २०२१ मध्ये तर अल हॉरफर्ड या धडधाकट खेळाडूला हंगामाच्या मध्यापासून घरी बसविण्यात आले. तेव्हा प्रेस्टींना साधुत्वाचे प्रशस्तिपत्र देण्याचे कारण नाही. फरक प्रमाणाचा आहे. त्यांच्या योजनेत आज खेळणाऱ्या मुलाला पुढच्या संघात जागा होती. तो केवळ वाट पाहण्याचे साधन नव्हता.

दोष एकट्या हिंकींचा आहे, असेही मी मानत नाही. पराभवाला बक्षीस देणारा नियम संघटनेने केला, आणि त्यांची योजना मालकांनी मान्य केली. २०१९ च्या सोडतीपासून तळाच्या तिन्ही संघांची शक्यता सारखी, शेकडा १४, करण्यात आली. म्हणजे नियमातली फट संघटनेलाही दिसली होती. हिंकींचे वैशिष्ट्य इतकेच, की इतर संघ जे लपूनछपून करीत, ते त्यांनी उघडपणे आणि शेवटपर्यंत केले. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो.

आपल्या महाविद्यालयात ड्राफ्ट नाही आणि कोट्यवधींचे करारही नाहीत. तरी हा प्रश्न आपल्याला परका नाही. मी आपल्या संघात बहुधा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो, म्हणून तो मला जरा अधिक जवळचा वाटतो. इथे प्रत्येकाच्या वाट्याला पदवीची तीनच वर्षे येतात. ‘यंदा जाऊ दे, पुढच्या वर्षी संघ चांगला होईल’ हे वाक्य प्रथम वर्षाच्या मुलाला धीर देते. तृतीय वर्षाच्या मुलाला ते काय देते? त्याला पुढचे वर्ष नाही. मैदानच नव्हे, तर वाङ्मय मंडळ, नाट्यस्पर्धा, वक्तृत्वाचा संघ, सगळीकडे हेच आहे. उद्याचा विचार करू नये, असे माझे म्हणणे नाही. जो पुढचा संघ बांधत नाही, तो चांगला कर्णधार नव्हे. पण ‘थांबा, चांगले दिवस येतील’ असे कुणी सांगू लागला, की थांबायचे कुणी आणि चांगले दिवस यायचे कुणाला, हे त्याला तिथल्या तिथे विचारले पाहिजे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असतील, तर खुशाल थांबावे. ती वेगळी असतील, तर ज्यांना थांबायचे आहे त्यांची संमती आधी घ्यावी. निदान त्यांचा आजचा सामना त्यांना मनापासून खेळू द्यावा.