लाट ओसरल्यावरची मुभा

गर्भवती स्त्रियांना कोरोना प्रतिबंधक लस घेण्याची मुभा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २ जुलै २०२१ रोजी जाहीर केली आणि ती करताना असा काही सूर लावला, की एखाद्या अनभिज्ञ माणसास सरकारने या स्त्रियांवर मोठाच अनुग्रह केला असे वाटावे. वस्तुस्थिती अशी, की १६ जानेवारीस लसीकरण सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी राज्यांना धाडलेल्या पत्रान्वये गर्भवती आणि स्तनदा मातांना त्यातून वगळण्यात आले. स्तनदा मातांवरचा बहिष्कार १९ मे रोजी उठला. गर्भवतींवरचा मात्र दुसरी लाट येऊन, एप्रिल आणि मे हे दोन्ही महिने गिळून, ओसरू लागेपर्यंत कायम राहिला. निर्णय योग्य आहे, एवढे सांगून आम्ही त्याच्या स्तुतीतून मोकळे होतो. आमची तक्रार आहे ती साडेपाच महिन्यांच्या नकाराबद्दल, आणि हा नकार जणू कोणी दिलाच नव्हता अशा थाटात चाललेल्या सारवासारवीबद्दल.

नकाराचे कारण काय दिले गेले? तर गर्भवती स्त्रियांचा लशींच्या चाचण्यांत समावेश नव्हता, सबब त्यांच्याविषयी पुरेशी माहिती उपलब्ध नाही. पण त्यांना चाचण्यांतून वगळले कोणी? ते काही दैवाने केले नव्हते. ते लस बनविणाऱ्यांनी केले आणि परवानगी देणाऱ्यांनी चालवून घेतले. ज्यांना चाचणीत घ्यायचे नाही त्यांच्याविषयी पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून त्यांना लस नाही, या न्यायाने गर्भवती स्त्रीला कोणतीच नवी लस कधीही मिळू नये. आपल्याकडील लशींपैकी कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू आहे आणि कोव्हिशील्डमधील वाहक विषाणू शरीरात वाढू शकत नाही. म्हणजे गर्भारपणात ज्या जिवंत लशींचे वैद्यकास भय वाटते, त्या जातीच्या या लशी नव्हेत. खेड्यापाड्यांतील प्रत्येक पोटुशी बाई धनुर्वाताचे इंजेक्शन वर्षानुवर्षे निमूटपणे घेत आली आहे, तेव्हा गरोदर बाई सुईला बिचकेल ही सबबही टिकणारी नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या देशव्यापी संघटनेने मे महिन्यातच गर्भवतींना लस द्यावी असे स्पष्टपणे सांगितले होते. अमेरिकेने हा निर्णय डिसेंबरातच त्या त्या स्त्रीवर सोपविला होता, इस्रायलने जानेवारीत आणि ब्रिटनने एप्रिलच्या मध्यास आपली दारे उघडली होती. तेथील लशी निराळ्या होत्या, असे यावर उत्तर येईल. मग आपल्या लशींविषयी, स्वखुशीने पुढे येणाऱ्या गर्भवतींची रीतसर नोंद ठेवून, जानेवारीपासूनच माहिती गोळा करण्यास कोणी हात धरले होते?

नकार हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ही साधी गोष्ट आमच्या दप्तरशाहीच्या गळी उतरत नाही. लस देऊन काही विपरीत घडले तर फाइलीवर सही करणाऱ्याचे नाव निघते. लस न दिल्याने बाई दगावली तर मृत्यूच्या दाखल्यावर केवळ रोगाचे नाव येते. या एका फरकापायी सावधगिरीच्या नावाखाली साडेपाच महिने निघून गेले. त्या काळात काय घडले याचा हिशेब याच सरकारच्या पदरच्या संस्थेने मांडून ठेवला आहे. परळची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय यांच्या पुढाकाराने कोरोनाबाधित गर्भवती आणि बाळंतिणींची जी नोंदवही ठेवली गेली, तिच्या आधारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून २०२१मध्ये १,५३० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या लाटेत यांपैकी लक्षणे दिसणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १४.२ टक्के होते, दुसऱ्या लाटेत ते २८.७ टक्क्यांवर गेले. मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे आठपटीने चढले. सर्वसामान्य शब्दांत सांगायचे, तर दुसऱ्या लाटेत या नोंदवहीत आलेल्या दर शंभर स्त्रियांमागे पाच-सहा जणी घरी परतल्या नाहीत. यात आश्चर्य करण्यासारखे वैद्यकाला काहीच नव्हते. अखेरच्या महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयाच्या दाबाने श्वासपटल वर सरकते, फुप्फुसांची राखीव शक्ती घटते, त्याच वेळी दोन जिवांची प्राणवायूची गरज वाढते आणि रक्तही एरवीपेक्षा लवकर गोठू पाहते. अशा शरीरावर फुप्फुसे पोखरणारा रोग चालून आला असता, ज्या बाईस पालथे निजवून श्वास सुधारण्याचा साधा उपायदेखील पोटामुळे अवघड, तिची अवस्था काय होईल हे सांगण्यास लाटेची वाट पाहावी लागत नव्हती.

अर्भकांच्या बाबतीत चित्र काहीसे दिलासा देणारे आहे, पण तेही नीट समजून घेतले पाहिजे. अठरा देशांतील प्रसूतिगृहांतून ७०६ बाधित आणि १,४२४ अबाधित गर्भवतींची तुलना करणारा एक अभ्यास एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. बाधित मातांमध्ये गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार, अतिदक्षता विभागात दाखल होण्याची पाळी आणि अकाली प्रसूती यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. त्यांच्या मुलांपैकी सुमारे १३ टक्के बाधित निघाली, आणि स्तनपानाचा मात्र या संसर्गाशी संबंध दिसला नाही. म्हणजे मुलाला मुख्य धोका आईच्या दुधाचा नाही, तर आई कोसळल्यामुळे वेळेआधी जगात ढकलले जाण्याचा आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयाने २०२०मध्ये आईच्या नाळेवाटे गर्भातच संसर्ग झालेले देशातील पहिले अर्भक नोंदविले, तेव्हा वृत्तपत्रांतून बराच गवगवा झाला. ते बाळ बरे होऊन घरी गेले, आणि असे प्रकार विरळाच असतात. याउलट मुखपट्टी बांधून आईने बाळाला खुशाल पाजावे असे जागतिक आरोग्य संघटना पहिल्या वर्षापासून सांगत असतानाही जेथे जेथे माता आणि मूल यांची ताटातूट केली गेली, तेथील बाळंतिणींनी काय सोसले असेल याची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडावयाची नाही.

या सर्व प्रकारात आम्हांला विशेष संतापजनक वाटते ती परिचारिकांची गोष्ट. लसीकरणाचा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा, असे जानेवारीत मोठ्या समारंभाने सांगण्यात आले आणि याच कर्मचाऱ्यांपैकी ज्या गर्भवती होत्या त्यांना टेबलापाशी ‘पोटुशी आहात का?’ असे विचारून परत पाठविण्यात आले. अशा कर्मचाऱ्यांना शक्यतो आघाडीच्या कामावर धाडू नये, ही सूचना कागदोपत्री होती. पण मनुष्यबळाची तूट पडताच त्या ‘शक्यतो’चे काय होते हे कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या मेट्रनला विचारावे. लस निषिद्ध, कामाची पाळी मात्र निषिद्ध नाही! उत्तर प्रदेशात तर ऐन लाटेत पंचायत निवडणुकीच्या कामाला गर्भवती शिक्षिकाही जुंपल्या गेल्या. पोटातल्या मुलाच्या काळजीने ज्यांना लस नाकारली, त्यांनाच गर्दीत उभे करताना ती काळजी कोठे गेली होती?

मंत्रालयाची बाजू अशी, की बाधित गर्भवतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणी रुग्णालयात न जाताच बऱ्या होतात आणि त्यांची पंचाण्णव टक्क्यांहून अधिक अर्भके जन्मतः सुस्थितीत असतात. हे आकडे घबराट आवरण्यास उपयोगी आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु उरलेल्या दहा आणि पाच टक्क्यांत कोण येणार हे आधी कळत नसते म्हणून तर लस द्यावयाची असते.

आणि प्रश्न एकट्या लशीचा तरी कोठे आहे? २०२०मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत कळा देणाऱ्या स्त्रियांना चाचणीचा अहवाल आणा म्हणून एका दारातून दुसऱ्या दारी पिटाळण्यात आले. जूनमध्ये नोएडात आठ महिन्यांची गर्भवती स्त्री आठ रुग्णालयांचे उंबरे झिजवून तेरा तासांनी रुग्णवाहिकेतच मरण पावली. चाचणीअभावी कोणतीही प्रसूती अडवू नये, असा स्पष्ट आदेश वैद्यकीय संशोधन परिषदेने दिलेला होता. तो पाळला गेला की नाही याची तहकीकत कोणी केली आणि कसूरदारांस काय शासन झाले, हे गुलदस्तातच आहे. लाखामागे ४६ मातामृत्यू, केरळच्या खालोखाल दुसरा क्रमांक, हा २०१६-१८चा आकडा महाराष्ट्राचे मंत्री अभिमानाने सांगत असत. कोरोनाच्या दोन वर्षांचा आकडाही असाच भरसभेत वाचून दाखविण्याची तयारी त्यांनी ठेवावी.

तूर्त अंमलबजावणीचे पाहावे. गर्भवतीला लशीचे महत्त्व घरी जाऊन पटवून देण्याचे काम अर्थातच ‘आशां’वर, म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविकांवर, येणार होते. महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा जून २०२१मध्येच संपावर गेल्या होत्या आणि मानधनात एक हजार रुपयांची वाढ व पाचशे रुपये कोरोना भत्ता एवढ्यावर त्यांची बोळवण करण्यात आली. त्या पैशांत त्यांनी आता सासूबाईंची समजूत घालावी, नवऱ्याची परवानगी मिळवावी आणि सातव्या महिन्यातील बाईला तालुक्याच्या रांगेत उभी करावी, अशी अपेक्षा दिसली. रांगेच्या टोकाशी लस असेलच याचीही शाश्वती नव्हती; साठा संपला म्हणून केंद्रे बंद ठेवण्याची पाळी मुंबईसारख्या शहरावरही आली होती. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांतून गर्भवतींची मोफत तपासणी होते. बाई त्या दिवशी आपणहून केंद्रावर आलेली असते, वजन व रक्तदाब पाहिला जातो, डॉक्टर समोर असतात. तेथेच, त्याच खोलीत, त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या लशीच्या कुप्या ९ जुलै २०२१पासूनच मिळावयास हव्या होत्या, आणि ज्या जिल्ह्यात त्या मिळाल्या नसतील तेथील जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडून दुसऱ्याच दिवशी लेखी कैफियत मागवावयास हवी होती.