अण्णांचे पेन

दिवाळीची साफसफाई हे मोठे धोक्याचे काम आहे. माळ्यावरची ट्रंक काढायला चढलेला माणूस तासाभराने जुने कागद वाचीतच खाली उतरतो आणि झाडू बिचारा भिंतीला टेकून राहतो. यंदा माझे तसेच झाले. ट्रंकेच्या तळाशी, चष्म्याच्या रिकाम्या घरात, अण्णांचे पेन सापडले. पार्कर ५१. काळे, चंदेरी टोपणाचे.

या पेनाशी माझे जुने वैर. १९६३ साली मी मॅट्रिकला बसलो, तेव्हा परीक्षेपुरते ते मिळावे म्हणून आईकडून वशिला लावला होता. अण्णांनी वर्तमानपत्रातून डोके न काढताच निकाल दिला, "पेन दुसऱ्याच्या हाती गेलं की निब बिघडते."

म्हणजे मी दुसरा! गळक्या पेनाने सारे पेपर लिहिले, बोटे निळी झाली, पासही झालो. पण तो 'दुसरा' काही मनातून गेला नाही.

अण्णा १९८८ साली गेले. तेव्हापासून पेनाला कुणाचाच हात लागला नव्हता. आत शाईचा दगड झालेला. माझ्या एका मित्राला जुनी पेने जमवून दुरुस्त करण्याचा नाद आहे. त्याने बजावले, "गरम पाण्यात बुडवू नकोस, स्पिरिट लावू नकोस. साधं पाणी आणि धीर, एवढंच औषध." हे पेन १९४१ साली प्रथम बाजारात आले; अण्णांचे मात्र १९४८ नंतरच्या धर्तीचे, पट्टी दाबून शाई भरायचे. रबरी पिशवी असती तर एव्हाना कडक होऊन तडकली असती. यातली प्लॅस्टिकची, म्हणून शाबूत राहिली. निबेवरचे झाकण लाखेने बसवलेले असते. लाखेला बेताची ऊब दिली की ती सैल होते आणि पेन न मोडता उघडते. अशी माहिती सांगताना मित्राचा चेहरा वैद्यासारखा गंभीर होतो.

तीन दिवस पेन पाण्याच्या पेल्यात होते. रोज पाणी निळे होई आणि रोज आमची सौ. विचारी, "अहो, हे मोरीत ओतू का?" दोन दिवस मी खुशाल 'ओत' म्हटले. तिसऱ्या दिवशी एकदम ध्यानात आले, ही अण्णांनी शेवटची भरलेली शाई! त्या दिवशी ते पाणी संध्याकाळपर्यंत तसेच राहिले. सौ.नेही पुन्हा विचारले नाही.

नवी शाई भरली, लिहू लागलो, तर पेन कागदावर खरखरू लागले. मित्राने भिंग लावून पाहिले.

"निब सोन्याची, पण टोकाला कठीण धातूचा ठिपका असतो. तो तुझ्या वडिलांच्या हाताच्या कलाप्रमाणे एका बाजूने झिजलाय. घासून सारखा करून देतो. तुला छान चालेल. पण त्यांचा कल जाईल, आणि घासलेलं काही परत भरून येत नाही."

मी पेन हातात घेतले. अण्णा धरीत तसे, डावीकडे किंचित कलते धरून पाहिले. खरखर थांबली. कागदावरून ते तेलासारखे चालू लागले.

म्हणजे अण्णा खरे बोलत होते! निब माणसाच्या हाताची होते. साठ वर्षांचा राग धरून मी बसलो होतो, त्याला काही आधारच नव्हता. पण खरे सांगू? तेव्हाही मनात आले, थोडी बिघडली असती निब, तर काय झाले असते?

"घासू नकोस," मी मित्राला सांगितले.

घरी आल्यावर नात जवळ आली. "आजोबा, मी लिहून बघू?"

अण्णांचे वाक्य अगदी ओठांवर आले होते. ते गिळून मी पेन तिच्या हाती दिले. तिने आपले नाव लिहायला घेतले. पेन खरखरले.

"जरा कलतं धर," मी म्हटले, "पणजोबा धरायचे तसं."