धुरात हाक कोण कोणाला देणार?

कडब्याची गंजी पेटली तर काय करायचं, हे मंठा तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. जाळ दुरून दिसतो, एक आरोळी साऱ्या शिवारात जाते. कुणी मोटार चालू करतो, कुणी जनावरं सोडतो, बायामाणसं घागरी घेऊन धावतात. हुकूम देणारा कुणी नसतो, तरी काम होतं. कारण ही आग उघड्यावरची असते. जो तो जाळ डोळ्यांनी पाहतो आणि शेजाऱ्याची हाक कानांनी ऐकतो.

इमारतीतली आग निराळी. तिथं जाळाआधी धूर येतो, आणि माणूस बहुधा जळून नव्हे तर गुदमरून मरतो. भिंती हाक अडवतात. वीज गेली की जिना अंधारतो. खालच्या मजल्यावरच्याला वरचं दिसत नाही, वरच्याला खालचं कळत नाही. आता आपल्याकडंही दुमजली शाळा आहेत, दवाखाने आहेत, मंगल कार्यालयं, बँका, शिकवणी वर्ग आहेत. इमारती बदलल्या, पण आगीच्या वेळी वागायची आपली रीत अजून गंजीचीच आहे. मोठ्यानं ओरडायचं आणि जमेल त्यानं धावायचं. या रीतीनं इमारतीत काय होतं, हे महाराष्ट्रानं गेल्या काही वर्षांत पाहिलं आहे.

भंडारा, विरार, नगर

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विशेष कक्षात आग लागली. तिथं १७ बाळं होती. एका भागातली ७ वाचली, दुसऱ्या भागातली १० गेली. परिचारिकेनं दार उघडलं तेव्हा आत धूर भरलेला होता. म्हणजे आग लागली ती वेळ आणि कुणाला कळलं ती वेळ, यांत अंतर पडलं होतं. त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे तेव्हाचे आमदार. चौकशी झाली, काही जण निलंबित झाले, कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवा संपवली गेली, राज्यभर दवाखान्यांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २३ एप्रिल २०२१ रोजी, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात पहाटे तीनच्या सुमारास अतिदक्षता विभाग पेटला. त्या दिवशी १३ रुग्ण गेले. पुढं ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातल्या कोरोना अतिदक्षता विभागात आग लागली. ती तर सकाळी अकराच्या सुमारास, दिवसाढवळ्या. तिथंही त्याच दिवशी ११ जणांचा जीव गेला.

प्रत्येक वेळी चर्चा झाली ती वायरिंगची, वातानुकूलन यंत्राची, लाल नळकांड्याची. ती व्हायलाच हवी. पण आणखी एक प्रश्न आहे, आणि तो फारसा विचारला जात नाही. धूर ज्याला पहिल्यांदा दिसला, त्यानं कुणाला सांगायचं? त्यानं पुढं कुणाला? किल्ली कुणाकडं? रुग्ण उचलायला कोण येणार? सगळे बाहेर आले, हे कोण मोजणार? नळकांडं विकत मिळतं. ही साखळी विकत मिळत नाही, ती आधी ठरवून ठेवावी लागते.

मंत्रालयात काय झालं

दवाखान्यात रुग्ण हलू शकत नाहीत, म्हणून जीव गेले, असं कुणी म्हणेल. मग मंत्रालयाचं उदाहरण घ्या. २१ जून २०१२ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांवर पसरली. तिथं सगळी धडधाकट माणसं होती. अनेक जण जिन्यानं खाली आले. पण काही वरच अडकले, त्यांना खिडकीबाहेरच्या कडेवरून शिडी लावून उतरवावं लागलं. पाच जण गेले. सहाव्या मजल्यावर, उपमुख्यमंत्र्यांच्या दालनाजवळ सापडलेले मृतदेह रात्री हाती लागले. मृतांत कामासाठी आलेली बाहेरगावची माणसंही होती.

बाहेरगावचा माणूस म्हणजे तुम्ही-आम्ही. सातबारा, अनुदान, विहिरीचं बिल घेऊन कचेरीत जाणारे. आपल्याला मागचा जिना माहीत नसतो, आपलं नाव कोणत्या हजेरीपटावर नसतं. कर्मचारी एकमेकांना हाक मारतील. आपल्याला कोण मारणार? तहसीलमध्ये किंवा पंचायत समितीत कामाच्या दिवशी कर्मचाऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त असतात. त्यांची जबाबदारी नेमकी कुणावर, हे ठरलेलं नसेल तर ती कुणावरच नसते.

मोठ्या देशांतही हेच

साधनं असली म्हणजे भागलं, असंही नाही. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या जोड मनोऱ्यांवर विमानं आदळली. दक्षिण मनोरा आधी कोसळला. उत्तर मनोऱ्यात चढलेल्या अग्निशमन जवानांना वायरलेसवरून खाली उतरण्याचा आदेश गेला. हातात २९ मिनिटं होती. पण उंच इमारतीतल्या सिमेंट-लोखंडातून आवाज नीट पोचत नव्हता, एकाच वाहिनीवर अनेक जण बोलत होते. बऱ्याच जवानांना तो आदेश ऐकूच गेला नाही. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची गोष्ट १४ जून २०१७ ची. पहिला फोन रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी आला. घरातच थांबा, असा सल्ला रहिवाशांना दिला जात होता, आणि तो २ वाजून ४७ मिनिटांपर्यंत बदलला नाही. आग कुठवर चढली, हे जागेवरच्यांना दिसत होतं. आत अडकलेल्यांचे फोन नियंत्रण कक्षात येत होते. या दोघांतली खबर एकमेकांकडं धड पोचत नव्हती. ७२ माणसं गेली.

तिथं पैसा कमी नव्हता, यंत्रं कमी नव्हती. कमी पडला तो दुवा.

मोबाइल आहे की!

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मग अडलं कुठं? अडतं असं. आगीच्या वेळी सगळे एकदमच फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही. लागला तर समोरचा दुसऱ्याशी बोलत असतो. एका वेळी एकाशीच बोलता येतं; पाच जणांना सांगायचं तर पाच फोन. ग्रुपवरचा संदेश कुणी पाहिला, कुणी नाही, याचा भरवसा नाही. जाड भिंतींच्या आत रेंजही जाते. बंबाला बोलवायला मोबाइल उत्तम. इमारतीच्या आत माणसं हलवताना त्याच्यावर विसंबू नये.

त्यापेक्षा जुनी साधनं बरी. शाळेची घंटा, शिट्टी, बॅटरीवरचा भोंगा, हातात धरायचा कर्णा. आगीचा ठोका रोजच्या ठोक्यापेक्षा वेगळा असावा आणि तो सगळ्यांना माहीत असावा. मोठ्या दवाखान्याला, जिनिंगला, मंगल कार्यालयाला वॉकीटॉकी परवडण्याजोगा आहे. एकानं बटण दाबून बोललं की सगळ्यांना एकदम ऐकू येतं. अर्ध्या वॉटपर्यंतच्या, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या मान्यताप्राप्त संचांना २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. त्यांचा पल्ला आवारापुरता असतो, आणि आपलं काम तेवढंच आहे. जास्त ताकदीचा संच ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून मागवू नये. त्याला परवाना लागतो. आणि संच आणून कपाटात कुलूपबंद ठेवायचा असेल, तर घेऊच नये. तो रोज चार्जिंगला लावणारा माणूस ठरलेला हवा.

साखळी कशी बांधावी

पहिलं म्हणजे एक प्रमुख आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा. हे नावानं नव्हे, हुद्द्यानं ठरवावं. बदल्या होतात, रजा असतात. रात्रपाळीला वेगळा तक्ता. भंडारा आणि विरार या दोन्ही आगी रात्रीच्याच होत्या, साहेब घरी असतानाच्या. प्रमुखानं आत धावायचं नाही. त्यानं बाहेर, सगळ्यांना माहीत असलेल्या एकाच जागी उभं राहायचं. तोच आत शिरला तर निरोप द्यायचा कुणाला?

दुसरं, प्रत्येक मजल्याला किंवा वॉर्डाला एक माणूस. त्यानं खोल्या, संडास, गच्चीचा जिना पाहायचा, माणसं बाहेर काढायची, दार ओढून घ्यायचं पण कुलूप लावायचं नाही, आणि प्रमुखाला सांगायचं. ‘मी वरचा मजला. सगळे बाहेर.’ किंवा, ‘मी वरचा मजला. दोन माणसं उचलून आणावी लागतील, मागच्या जिन्यानं.’ मी कोण, कुठं, काय हवं, एवढंच. ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. धुरात घाबरलेला माणूस अर्धंच ऐकतो, म्हणून हा परतीचा शब्द महत्त्वाचा. ज्या मजल्याचा निरोप आलाच नाही, तिथं माणसं अडकली आहेत असं धरून चालायचं.

तिसरं, मोजणी. शाळेत हजेरीपट बाहेर आणणारे गुरुजी ठरलेले असावेत. दवाखान्यात भरती रुग्णांची नोंदवही, शिवाय नातेवाईक. कचेरीत आलेल्या माणसांना बाहेर नेण्याचं काम शिपायाकडं नेमून द्यावं.

चौथं, रस्त्यावरचा माणूस. आपल्या तालुक्यात बंब मंठ्यातून निघो, परतूरहून निघो की जालन्याहून, खेड्यापर्यंत यायला वेळ लागणार. जालना साठेक किलोमीटर. तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं गावाचीच. ११२ किंवा १०१ ला फोन करणारा एकच असावा. त्यानं गावाचं नाव सांगून थांबू नये, फाटा, रस्ता, ओळखीची खूण सांगावी आणि फोन मोकळा ठेवावा. दुसऱ्यानं फाट्यावर उभं राहावं. बंब आला की त्याला तीन गोष्टी सांगाव्यात. आत कोण राहिलं, मेन स्विच कुठं आहे, पाणी कुठं आहे. शेतीची थ्री फेज लाइन चोवीस तास नसते, म्हणून विहीर आहे एवढ्यावर भागत नाही. त्या घडीला लाइन आहे का, नसेल तर टँकर कुणाचा, हेही आधीच लिहून ठेवावं.

कागद नको, सराव हवा

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. इमारतीचा मालक किंवा ती वापरणारा, यांच्यावर तो जबाबदारी टाकतो. ज्यांना तो लागू आहे त्यांनी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याच दोन महिन्यांत सरावही घ्यावा. एकदा दिवसा, एकदा रात्री. एकदा मुद्दाम प्रमुखाला घरी बसवून. एकदा एक जिना बंद आहे असं धरून. इमारत रिकामी व्हायला किती मिनिटं लागली आणि कुणाचा निरोप पोचला नाही, एवढं दोन ओळींत लिहिलं तरी पुरे.

सरपंच, ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि मुख्याध्यापकांनी हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पंचायतीची इमारत, मंगल कार्यालय, प्रत्येकाचा एक तक्ता करून भिंतीला लावावा. खर्च शिट्टी, घंटा आणि कागदाचा. ‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण आपणच दुसऱ्याला ऐकवतो. भंडाऱ्यात दहा बाळं गेल्यावर राज्यभर तपासण्यांचे आदेश निघाले, त्याच वर्षी विरार आणि नगर घडलं. आदेश वरून येतील तेव्हा येतील. आपल्या इमारतीत धूर पहिल्यांदा ज्याला दिसेल, त्यानं कुणाला हाक मारायची, हे तर गावालाच ठरवावं लागेल.